बाजूला काढलेल्या ओळी

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आयर्विनला किती झालं?" १९२९ साली खुला झालेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत सांगतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं, त्यामुळे इथल्या माणसाला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. पण तोच आकडा लिहायची वेळ आली की प्रत्येकाचा हात वेगळा चालतो. कुणी '४४ फूट १० इंच' असं सविस्तर लिहितं, कुणी '४४-१०', आणि घाईतला माणूस लिहितो '४४.१०'.

या शेवटच्या आकड्यात अख्खा गोंधळ मावतो. लिहिणाऱ्याच्या मनात ठिपक्यानंतर इंच आहेत. तक्ता उघडणाऱ्या एक्सेलच्या लेखी ठिपक्यानंतर दशांश आहेत, आणि दशांशातल्या शेवटच्या शून्याला किंमत नसते. म्हणून ४४.१० चं होतं ४४.१. पुढची स्क्रिप्ट, म्हणजे तो तक्ता वाचणारा छोटा प्रोग्राम, ते वाचते चव्वेचाळीस फूट आणि जेमतेम सव्वा इंच. प्रत्यक्षात पाणी धोका पातळीच्या फक्त २ इंच खाली असतं आणि स्क्रिप्ट सांगते, अजून ११ इंच वाव आहे. गंमत अशी की कुठेच चूक दाखवली जात नाही. आलेख येतो, रेघ नीट वळते, एका तासाला थोडी खाली झुकते एवढंच.

रोजच्या कामासाठी लिहिलेल्या दहा-वीस ओळींच्या स्क्रिप्टबद्दल मला जे म्हणायचं आहे ते याच झुकलेल्या रेघेत आहे. अशी स्क्रिप्ट बंद पडते तेव्हा फारसं बिघडत नाही, कारण बंद पडलेलं कळतं. ती चुकीचं वाचून शांतपणे पुढे जाते तेव्हा बिघडतं. त्यामुळे स्क्रिप्ट लिहिताना निम्मी अक्कल आकडे वाचण्यात खर्च करावी आणि उरलेली निम्मी, न कळलेल्या ओळी वेगळ्या काढण्यात.

पातळीचंच उदाहरण पुढे नेऊ. पहिली गोष्ट, तो रकाना आकडा म्हणून वाचायचाच नाही, मजकूर म्हणून वाचायचा. पांडाज (पायथन या संगणकभाषेतलं तक्ते हाताळायचं साधन) वापरत असाल तर फाईल उघडतानाच त्या रकान्याचा प्रकार मजकूर असा सांगावा लागतो. नंतर बदलून उपयोग नसतो, तोवर शून्य गेलेलं असतं. मजकूर हाती आला की ठिपक्याच्या डावीकडचा भाग फूट, उजवीकडचा इंच. दोन्ही पूर्णांकात बदलायचे आणि साठवायचं ते एकूण इंचांत: ४४ गुणिले १२ अधिक १०, म्हणजे ५३८. धोका पातळी ५४०, इशारा पातळी ४८०. आता तुलना सरळ पूर्णांकांची झाली, ठिपका हिशेबातून गेला. माणसाला दाखवताना परत १२ ने भागून फूट-इंच करायचे.

पण ठिपक्यानंतरचे इंच की खरेच दशांश, हे कसं ठरवायचं? एका ओळीवरून ते ठरत नाही. ४४.९ म्हणजे पावणेपंचेचाळीस फूट असू शकतं किंवा ४४ फूट आणि पावणेअकरा इंचही असू शकतं. अख्खा रकाना मात्र बोलतो. ठिपक्यानंतर कुठेही २५, ५०, ७५ असे आकडे दिसले तर लिहिणारा दशांशात लिहितो आहे. हंगामभराच्या शेकडो नोंदींत ठिपक्यानंतर ११ दिसत असेल आणि त्याच्या वर काहीच गेलेलं नसेल, तर ते इंच. तक्ता एकदा एक्सेलमधून जाऊन आला असेल तर आणखी एक खूण राहते: '.१०' चा '.१' झालेला असतो, पण '.११' शाबूत असतो, कारण त्याच्या शेवटी शून्य नाही. '.११' आहे, '.१०' एकदाही नाही आणि '.१' मात्र नेहमीच्या दुप्पट आहेत असं दिसलं की काय घडलं ते कळतं. ही मोजणी तीन ओळींत होते: ठिपक्यानंतरचा भाग तोडायचा, प्रत्येक प्रकार किती वेळा आला ते मोजायचं आणि छापायचं. कुठलीही स्क्रिप्ट लिहिण्याआधी मी अशी मोजणी करावी म्हणेन, कारण तिच्यातून माहिती लिहिणाऱ्या माणसाची सवय दिसते.

हाच ठिपका शेतात वेगळा अर्थ घेतो. 'सव्वादोन एकर' म्हणणारा शेतकरी कागदावर २.१० लिहितो, कारण ४० गुंठ्यांचा एकर आणि दहा गुंठे म्हणजे पाव. अडीच एकर २.२० होतं. दशांश म्हणून वाचलं तर २.२० म्हणजे दोन एकर आठ गुंठे, म्हणजे बारा गुंठे हवेत विरले. उपाय तोच, सगळ्यात लहान एकक धरायचं: २ गुणिले ४० अधिक २०, शंभर गुंठे. सातबाऱ्यावरचं क्षेत्र मात्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि शंभर आरांचा हेक्टर, म्हणून तिथे १.२० हे खरोखरचं दशांश ठरतं. एकाच फाईलमध्ये दोन्ही रकाने असतील तर प्रत्येकाला वेगळा वाचक हवा. बाजारात तिसरी तऱ्हा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हिशेब क्विंटलवर चालतो, शंभर किलोंचा क्विंटल, त्यामुळे दशांश चालायला हवेत. पण '७ क्विंटल ५ किलो' कुणी ७.५ असं लिहिलं की ४५ किलो हळद जास्तीची झाली. लिहायचं होतं ७.०५. वजन किलोंच्या पूर्णांकात साठवलं, तर ७०५ आणि ७५० यांत डोळा फसत नाही.

रुपयांचंही तसंच, ते पैशांच्या पूर्णांकात साठवायचे. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज त्याच्याकडे नेमकी ०.३ होत नाही. ते बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे पायथनचं पूर्णांकन. २.५ दिले तर तो २ देतो, ३.५ दिले तर ४. बरोबर मधोमध आलेली संख्या तो जवळच्या सम अंकाकडे नेतो. एक्सेलचं राऊंड २.५ चे ३ करतं, आणि पट्टी लिहिणारा दिवाणजीही तेच करतो. मग स्क्रिप्टची बेरीज आणि वहीची बेरीज एका रुपयाने चुकते आणि तासभर कुणालाच कारण सापडत नाही. पायथनमध्ये डेसिमल हा प्रकार वापरून 'राऊंड हाफ अप' असं स्पष्ट सांगता येतं. त्यापेक्षाही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: प्रत्येक ओळीला पूर्णांकन की शेवटी एकदाच? तीन ओळी ३३.३३५ च्या असतील तर ओळीओळीला केल्यास १००.०२ येतात, शेवटी केल्यास १००.०१. दोन्हींत गणिताची चूक नाही. छापील पट्टीवर जे होतं ते स्क्रिप्टनं करायचं.

आता गावांच्या नावांकडे येतो, कारण मराठी माहितीत सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो, आणि जायलाच हवा. सातारा जिल्ह्यातलं कऱ्हाड घ्या. कुणी कराड लिहितं, कुणी कऱ्हाड, आणि दोन्ही रूढ आहेत. हा फरक डोळ्यांना दिसतो तरी. पण 'कऱ्हाड' हाच शब्द पडद्यावर हुबेहूब सारखा दिसून आत दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत, त्या आडव्या अर्ध्या र साठी स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त. जुन्या कळफलकांतून तोच र साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडक अशा तीन चिन्हांनी येतो. पहिल्या पद्धतीत शब्दाची लांबी ६ चिन्हं, दुसरीत ७. संगणकाच्या लेखी ही दोन गावं. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्याचे', 'कर्मचाऱ्यांची' या सगळ्या शब्दांचं असंच होतं, आणि मराठीत हा र पावलोपावली आहे.

युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, हे मिटवेल अशी अपेक्षा असते. ते अर्धंच मिटवतं. साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी जोडी असेल तर एनएफसी तिचं ०९३१ करून देतं. अदृश्य जोडक असलेल्या रूपाला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती दोन रूपं समान नाहीत. म्हणून मराठीसाठी एक ओळ हातानं घालावी लागते: र, हलन्त, जोडक हे तिन्ही एकापुढे एक दिसले तर त्यांच्या जागी ०९३१ आणि हलन्त. हे झाल्यावरच उरलेले अदृश्य जोडक आणि विलगक काढून टाकायचे. क्रम उलटा केला, आधी जोडक पुसले, तर कऱ्हाडचा आडवा र रफार होऊन 'कर्हाड' होतो आणि मूळ काय होतं ते परत मिळत नाही. इथेच सगळ्यात जास्त मराठी याद्या बिघडलेल्या दिसतात.

'ॲ'चंही लक्षात ठेवावं. त्याला आता स्वतंत्र अक्षर आहे, पण बऱ्याच फाईलींत अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे असतात, काही ठिकाणी हिंदीतलं 'ऍ'. हे तिन्ही एनएफसीला वेगळेच वाटतात. शिवाय जुनं शुद्धलेखन: तासगांव आणि तासगाव, पलुस आणि पलूस. यांना नियम लावायच्या भरीला पडू नये. शब्दातला प्रत्येक अनुस्वार पुसला की 'सांगली'ची 'सागली' होते. गावांचा एक छोटा तक्ता करावा, डावीकडे सापडलेलं रूप, उजवीकडे ठरवलेलं रूप, आणि तो माणसानं भरावा. जिल्ह्याला तेवढं काम दोन संध्याकाळींचं आहे. नाव जुळलं तरी काम संपत नाही, कारण वाळवा हे गावही आहे आणि तालुकाही आहे. ओळख पटवायची ती जिल्हा, तालुका आणि गाव यांनी मिळून. २०११ च्या जनगणनेतला गावाचा ६ अंकी संकेतांक जोडता आला तर उत्तम.

मग यादी लावायची. संगणकाला सांगितलं 'क्रमाने लाव' तर तो युनिकोडच्या क्रमांकाने लावतो, आणि तिथे ळ हा ल च्या लगेच पुढे बसलेला आहे, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष आणि ज्ञ हे तर युनिकोडला क आणि ज यांची जोडाक्षरं. ग्रामपंचायतीच्या यादीत 'ज्ञानेश्वर' ज मध्ये सापडला तर कुणाचं अडत नाही, पण शब्दकोशाच्या पद्धतीनं यादी छापायची असेल तर तुलनेसाठी आपली वर्णमाला एका ओळीत लिहून प्रत्येक अक्षराला तिच्यातला क्रमांक द्यावा लागतो.

अंकांबाबत पायथन उदार आहे. '४४' असा देवनागरी मजकूर दिला तरी तो सरळ पूर्णांक करून देतो. जावास्क्रिप्ट मात्र त्याला संख्या मानत नाही. आणि शोधनमुन्यात, म्हणजे मजकुरातून आकडे शोधायच्या सूत्रात, रोमन शून्य ते नऊ अशी कक्षा लिहिली असेल तर देवनागरी अंक तिच्यातून सुटतात. म्हणून वाचताना पहिल्याच पायरीला दहाही अंक एका लिपीत आणून घ्यावेत. पायथन ३ मध्ये चलांची नावंही मराठीत देता येतात. फूट, इंच, गुंठे अशी नावं असलेला हिशेब वाचायला सोपा जातो. त्यातही तो अदृश्य जोडक आला तर मात्र पायथन 'न छापता येणारं चिन्ह' म्हणून थांबतो, आणि ओळीकडे कितीही पाहिलं तरी चूक दिसत नाही.

एक्सेलमधून फाईल येते आणि जाते, त्याला इलाज नाही, ज्यांना ती द्यायची त्यांच्याकडे तेच असतं. म्हणून त्याच्या सवयी माहीत हव्यात. युनिकोड साठवायच्या साध्या यूटीएफ-८ पद्धतीत लिहिलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली मजकूर फाईल) दोनदा टिचकी मारून उघडली की मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. पायथनमध्ये लिहिताना सांकेतीकरण 'यूटीएफ-८-सिग' दिलं की सुरुवातीला तीन बाइटांची खूण पडते आणि मराठी नीट दिसते. तीच फाईल परत वाचताना 'सिग' विसरलात तर खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटू शकते. डोळ्यांना 'गाव' दिसतं, स्क्रिप्ट म्हणते 'गाव' नावाचा रकानाच नाही. गट क्रमांक १२/३ ची १२ मार्च किंवा ३ डिसेंबर होते. खुद्द ७/१२ असं टंकलं तरी त्याची तारीख होते. सांगलीचा ०२३३ हा दूरध्वनी संकेतांक २३३ होतो. बँकेचा खातेक्रमांक १५ अंकांहून लांब असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे शून्यं बसतात, आणि ते शेवटचे अंक कुठूनही परत येत नाहीत. हे रकाने मजकूरच राहिले पाहिजेत.

तारखांची एक खूण सांगतो. तक्त्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे असतील तर संगणकाची मांडणी महिना-आधी अशी आहे. १ ते १२ तारखांचे दिवस-महिने त्याने गुपचूप बदलले, १३ च्या पुढच्या त्याला जमल्या नाहीत म्हणून मजकूरच राहिल्या. ५ ऑगस्टचा महाबळेश्वरचा पाऊस ८ मे रोजी पडतो. पायथनमध्ये तारीख ओळखायचं काम संगणकाच्या अंदाजावर सोडू नये. 'दिवस, महिना, चार अंकी वर्ष' असा नेमका साचा द्यावा, न बसणारी ओळ तिथेच अडते. पांडाजचा 'दिवस आधी' हा पर्याय कडक नाही, न जमल्यास तो उलटंही वाचून पाहतो. पावसाच्या नोंदींना आणखी एक पेच आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला बदलतो, म्हणून ५ तारखेला नोंदवलेल्या पावसातला बराचसा ४ तारखेला दुपारी-रात्री पडलेला असतो. आणि स्क्रिप्ट एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवर चालत असेल तर त्याचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ५ ला चाललेली स्क्रिप्ट फाईलला कालची तारीख देते. वेळक्षेत्र 'एशिया/कोलकाता' असं लिहूनच टाकावं.

फाईलींची नावं बदलणारी स्क्रिप्ट ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात घातक. लिनक्सवर नव्या नावाची फाईल आधीच असेल तर ती न विचारता पुसली जाते. विंडोजवर निदान चूक येते. म्हणून दोन पायऱ्या कराव्यात. पहिल्या पायरीत फक्त यादी, जुनं नाव आणि नवं नाव, एकाही फाईलला हात न लावता. त्या यादीत नवं नाव दोनदा आलं आहे का ते तपासायचं, डोळ्यांखालून घालायची, मग दुसरी पायरी. यादी जपून ठेवली तर उलट दिशेने चालवून सगळं पूर्ववत करता येतं. नंबर द्यायचे तर ००१ पासून, नाहीतर १ नंतर १० आणि मग २ येतो.

आता परत त्या शांत चुकीकडे. ती बहुतेक वेळा आपणच एका सोयीच्या ओळीने ओढवून घेतो. पायथनमध्ये चूक आली तर 'पास' म्हणून पुढे जायचं. पांडाजमध्ये आकड्यात रूपांतर करताना 'कोअर्स' लावायचं, म्हणजे न कळलेल्या जागी रिकामं येतं, आणि बेरीज रिकाम्या जागा वगळूनच होते. एक्सेलची बेरीजही मजकुराच्या चौकटी न बोलता सोडते. तिन्हींत उत्तर येतं, आणि ते कमी असतं. त्याऐवजी प्रत्येक स्क्रिप्टला दोन फाईली लिहायला लावाव्यात. एकीत कळलेल्या ओळी. दुसरीत न कळलेल्या, जशाच्या तशा, मूळ ओळीच्या क्रमांकासह आणि का नाही कळली त्या कारणासह. शेवटी एक ओळ छापायची: आल्या किती, घेतल्या किती, बाजूला किती. पहिला आकडा पुढच्या दोघांच्या बेरजेइतका नसेल तर स्क्रिप्टनं तिथेच थांबायचं. मूळ फाईलवर लिहायचं नाही, कधीच.

नदीच्या पातळीसारखी ताजी माहिती संकेतस्थळावरून घ्यायची असेल तर आणखी दोन गोष्टी. पायथनचं रिक्वेस्ट्स हे साधन आपण मुदत दिली नाही तर अमर्याद वाट पाहत बसतं. १० सेकंदांची मुदत घालावी. आणि आकड्याबरोबर त्याची वेळही उचलावी. पुराच्या रात्री पान उघडतं, आकडा असतो, पण तो तीन तासांपूर्वीचा असतो. संदेश पाठवणारी स्क्रिप्ट असेल तर वेळ आधी आणि पातळी मागून लिहावी. मराठी संदेशाला एका एसएमएसमध्ये ७० च चिन्हं मिळतात, रोमन लिपीतल्या १६० ऐवजी, आणि प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते. 'सांगली'चीच ६ होतात. तेव्हा मजकूर आधी मोजून बघावा.

हे सगळं केल्यावर हंगामाच्या शेवटी दुसऱ्या फाईलमध्ये चार-पाच ओळी राहतात. त्यातली एक बहुधा '४४.१' अशी असते. आधीच्या तासाला ४४.९ होतं, नंतरच्या तासाला ४४.११. मधले दहा इंच असणार हे दिसतंच, पण स्क्रिप्टनं ते भरू नये. नोंद करणाऱ्याला फोन लावून विचारावं, "दादा, त्या रात्री दोनच्या नोंदीत एक इंच आहे की दहा?" त्याच्या वहीत ते पेनानं लिहिलेलं असतं. उत्तर येईपर्यंत आलेखात त्या तासाची जागा रिकामी ठेवायची आणि दोन्ही बाजूंची टोकं जोडायची नाहीत.